बिनगुणांची मिनिटं

नळदुर्गला लोक येतात ते किल्ला पाहायला. बोरी नदीचं पाणी अडवून बांधलेला पाणीमहाल, पावसाळ्यात कोसळणारे नर-मादी धबधबे, उंच उपळी बुरुज. मला संपादकांनी पाठवलं होतं खो-खोसाठी. धाराशिव जिल्ह्यातल्या मुली या खेळात एवढी मजल कशी मारतात, हे त्यांना वाचकांपुढे आणायचं होतं. नळदुर्ग तुळजापूर तालुक्यात येतं. खो-खो खेळाडू सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा ती याच तालुक्याची क्रीडा अधिकारी होती. म्हणून सुरुवात इथूनच केली.

खो-खो म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो पाठलाग: पाठीवर पडणारी थाप, खणखणीत ‘खो’, खांबाला धरून मारलेला सूर. संध्याकाळी मैदानावर मुलींचा सराव पाहताना माझी नजर मात्र पळणाऱ्या मुलीवरून हलेना. आठजणी पाटीवर बसलेल्या, नववी मागे लागलेली, आणि या नऊजणींपुढे तुकडीतली शेवटची एकटी पोर. दोघी सोबतिणी बाद होऊन बाहेर गेलेल्या. ती बाद झाली की पुढची तुकडी आत येणार, म्हणून ती जेवढी टिकेल तेवढी मागच्यांची पळण्याची पाळी लांबणार.

या एकटीला कोणत्या बळावर टिकता येतं, ते समजायला नियमांत शिरावं लागतं. बसलेल्या आठजणींची तोंडं आळीपाळीने विरुद्ध दिशांना असतात. पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. खांबाला वळसा न घालता पलीकडच्या बाजूला जायचं तर तिकडे तोंड करून बसलेल्या सोबतिणीला खो द्यायचा, हाच मार्ग. पळणारीवर यातलं एकही बंधन नाही. ती बसलेल्यांमधून हवी तेव्हा आरपार जाते, थांबते, उलटी फिरते. आक्रमकांकडे माणसं जास्त, संरक्षकाकडे मोकळीक जास्त. या दोहोंच्या तोलावर सगळा खेळ उभा आहे.

या मोकळिकीचा वापर शिकवून येतो आणि अंगात मुरायला वर्षं जातात. एकेरी साखळीत पळणारी बसलेल्यांमधून नागमोडी जाते. आक्रमक जवळ आली की पलीकडे, तिकडची उठली की पुन्हा अलीकडे. रिंगणात ती काही जणींभोवतीच फिरत राहते आणि खांबापासून अंतर राखते, कारण खांबाजवळच आक्रमकाला वळता येतं आणि सूर मारायला आधार मिळतो. हुलकावणीचा डाव खांद्यात असतो. आक्रमकाचा खांदा ज्या बाजूला कलला, त्या दिशेला ती बांधील झाली. म्हणून कसलेली संरक्षक पायांकडे पाहत नाही, खांद्याकडे पाहते. तो कलेपर्यंत ती पळतच नाही. पाठलाग करणारी अगदी हातभर अंतरावर येऊ द्यायची आणि शेवटच्या क्षणी सुटायचं, याला छाती लागते. घाबरून आधी पळालेली मुलगी दमते आणि लवकर बाद होते.

पारंपरिक सामन्यात एक पाळी साधारण ९ मिनिटांची, लहान गटांत ७ मिनिटांची. त्यात एखादी खेळाडू दोन-अडीच मिनिटं टिकली, तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘२.२० मि. संरक्षण’ असं छापून येतं. पण गुणतक्त्यावर त्या मिनिटांचा एकही गुण चढत नसे. गुण मिळायचे ते बाद करणाऱ्याला. संरक्षकाची कमाई म्हणजे समोरच्या संघाला न मिळालेले गुण.

खेळाचा अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने नियम बांधले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली, पुढच्याच वर्षी कोल्हापुरात महिलांची. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत खो-खो पहिल्यांदा आला. भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकलं आणि त्या संघाची कर्णधार होती धाराशिवची सारिका काळे.

सारिकाची गोष्ट तिने स्वतःच सांगितलेली आहे. तेराव्या वर्षी एक खेळाडू नातेवाईक तिला मैदानावर घेऊन गेला. घरात वडिलांना शारीरिक मर्यादा, आई शिवणकाम करायची, संसार आजी-आजोबांच्या कमाईवर चालायचा. जवळजवळ दहा वर्षं दिवसाला एकच वेळ जेवण मिळायचं. पोषक आहार मिळे तो शिबिरात असतानाच. २०१६ मध्ये घरच्या ओढाताणीने ती इतकी खचली की खेळ सोडायचं ठरवून खोलीत कोंडून बसली. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घालून तिला मैदानावर परत आणलं. चार वर्षांनी मिळालेला तिचा अर्जुन पुरस्कार खो-खोच्या वाट्याला तब्बल २२ वर्षांनी आला होता.

एकवेळच्या जेवणावर साखळी खेळणाऱ्या मुलीचं शरीर काय सोसत असेल, हा विचार मैदानावरही मनातून जाईना. आक्रमणात क्षणभर बसायला मिळतं, खो मिळेपर्यंत श्वास घेता येतो. संरक्षणात बसायला जागा नाही.

आता काळ बदलला आहे, आणि संरक्षकाच्या बाजूने बदलला आहे. २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खो ही व्यावसायिक लीग सुरू झाली. तिने ठरावीक वेळेपलीकडे टिकणाऱ्या तुकडीला गुण देणं सुरू केलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, तिथेही अशा टिकण्याला ‘ड्रीम रन’ म्हणून गुण होते. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्यात कर्नाटकच्या चैत्राने पाच मिनिटांहून जास्त ड्रीम रन खेचून नेला. पुण्याच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखालच्या त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती. जी मिनिटं इतकी वर्षं बिनगुणांची होती, ती आता गुणफलकावर दिसू लागली.

पण या मिनिटांवर पोट भरेल का? लीगच्या पहिल्या हंगामात सर्वात वरच्या श्रेणीच्या खेळाडूला ५ लाख रुपये मिळाले, सर्वात खालच्या श्रेणीला १ लाख. प्रो कबड्डीत २०२३ मध्ये इराणच्या महंमदरेझा शादलूसाठी पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख मोजले. दोन्ही खेळ याच मातीतले, तरी अंतर एवढं. आणि ५ लाखांची ती वाटही मुलींसाठी नव्हती, कारण लीगच्या पहिल्या दोन्ही हंगामांत फक्त पुरुषांचे संघ होते. ज्या जिल्ह्याने देशाला महिला कर्णधार दिली, तिथल्या मुलीला व्यावसायिक खो-खो पाहता येतो, खेळता येत नाही.

मग उरते ती सरकारी नोकरी. खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि गावोगावच्या पालकांना ते पक्कं ठाऊक आहे. मुलीला मैदानावर पाठवण्यामागे बऱ्याचदा तोच हिशेब असतो, आणि तो चुकीचा नाही. सारिकालाही स्थैर्य नोकरीनेच दिलं. पण नोकरीसाठी पदक लागतं, प्रमाणपत्राची पडताळणी लागते, परीक्षा लागते. संघातल्या एक-दोघींना ते जमतं. बाकीच्या बारावीनंतर, लग्नानंतर किंवा गुडघा गेल्यावर मैदानाबाहेर होतात.

आणखी एक अडचण पायाखालचीच आहे. मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मातीत अनवाणी पायाची बोटं रुतवून वळायची सवय झालेल्या मुलीला मॅटवर बूट घालून तेच वळण पुन्हा शिकावं लागतं. तालुक्याच्या मैदानांवर माती आहे. मॅटची ओळख जिला स्पर्धेच्या दिवशीच होते, तिचा खांदा वाचण्याचा अंदाज अचूक असला, तरी पाय अर्धा क्षण मागे पडतो. संरक्षणात तेवढ्यावर सगळं अवलंबून असतं.

नळदुर्गहून परतताना मला काळजी वाटत होती ती या मुलींच्या कौशल्याची नव्हे. ते त्यांच्याकडे आहे आणि कुठल्याही मोठ्या मैदानावर ते उतरेल. काळजी आहे ती त्यांच्याभोवतीच्या आधाराची. सरावानंतरचं पोटभर जेवण, प्रत्येक तालुक्यात एक मॅट आणि महिलांची स्वतंत्र लीग, या तीन गोष्टी खेळाडूच्या जिद्दीवर सोडून चालणार नाहीत. सारिका काळेने उपाशीपोटी जे करून दाखवलं, ते पुढच्या मुलीकडून त्याच अटीवर मागण्याचा हक्क आपल्याला नाही.