रकाने मागून घ्यावे लागतात

सकाळी ८. गळिताचा हंगाम असल्याने विद्यानगरपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागेच यावं लागलं. प्रयोगशाळेतल्या संगणकावर रात्री लावलेला ब्लास्टपी, म्हणजे प्रथिनांची तुलना करणारा शोध, संपला होता. उसाच्या पानातली प्रथिनं ज्वारीच्या प्रथिनांशी ताडून पाहतोय. उसात एकेका गुणसूत्राच्या अनेक प्रती, त्यामुळे गुंता फार. ज्वारी त्याची जवळची आणि सुटसुटीत नातेवाईक, तिचा जीनोम २००९ सालीच प्रसिद्ध झालाय.

१०. एमएस्सीची मुलं आली. आउटएफएमटी, म्हणजे निकालाचं स्वरूप, ६ दिलं की १२ ठरलेले रकाने मिळतात, आणि बहुतेकांची नजर तिसऱ्यावर, म्हणजे साम्याच्या टक्क्यावर खिळते. एकीने ९६.६६७ दाखवून ‘सर, सापडलं!’ म्हटलं. चौथा रकाना वाचायला सांगितला: लांबी ३०. म्हणजे ३० पैकी २९ अमिनो आम्लं जुळली. तिचं प्रथिन मात्र ४१२ चं! प्रथिनाची ही पूर्ण लांबी १२ रकान्यांत नसतेच. आउटएफएमटीच्या अवतरणचिन्हांत ६ नंतर क्यूलेन आणि क्यूकव्हएस लिहून पुन्हा चालवलं. क्यूकव्हएस आलं ७. शंभरातलं सातच झाकलं गेलंय म्हटल्यावर उत्साह ओसरला. माझ्या मते हा रकाना मुळातच ठरलेल्यांत हवा होता.

१२.३०. एसटायटल जोडलं की प्रथिनाचं नावही येतं. पण नावात मोकळ्या जागा असतात, आणि ऑक ही आज्ञा मोकळ्या जागेवरच रकाना तोडतो. म्हणून टॅब हाच विभाजक सांगायचा आणि एसटायटल शेवटी ठेवायचं.

२. जेवण, वीज गायब, चहा.

३.३०. काही प्रथिनं यादीतच नाहीत. ६ या स्वरूपात न जुळलेल्याची ओळच येत नाही. ७ मध्ये मात्र ‘शून्य जुळण्या’ अशी टीप येते. न जुळलेलं काय, हेही उसाच्या बाबतीत मोलाचंच. मॅक्सटार्गेटसीक्स १ ठेवून ‘सर्वोत्तम एकच’ मागायची सवयही मोडायला हवी. २०१८ मध्ये त्यावरून बराच वाद झाला. जास्त मागवावं, निवड आपण करावी.

५.३०. शेतकी महाविद्यालयातल्या मित्राचा फोन: ‘ज्वारीच्या प्रथिनाची लांबीपण दे की.’ रात्रीचा निकाल ११ क्रमांकाच्या स्वरूपात साठवला होता, म्हणून शोध पुन्हा लावायची गरजच नाही. ब्लास्ट फॉरमॅटरला एसलेन सांगितलं, तक्ता निघाला, त्याला पाठवला.