गोळी वाढवायची की थांबवायची?

बिछान्यावर पाठ टेकली की माणूस सरळ. उठून चार पावलं चालला की कमरेतून पुढे वाकू लागतो आणि थोड्याच वेळात नजर जमिनीला खिळते. कणा आखडलेला म्हणावा, तर भिंतीला टेकून तोच बराचसा ताठ उभा राहतो! कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सन्सच्या काही रुग्णांत दिसणाऱ्या या वाकण्याला ‘कॅम्प्टोकॉर्मिया’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात फ्रेंच डॉक्टर आशिल सूक यांनी असे वाकलेले सैनिक पाहिले, तेव्हा दोष मनाच्या माथी मारला गेला. वास्तविक, जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्येच कंपवाताच्या लक्षणांत धड पुढे झुकतं, अशी नोंद केली होती.

धड एका बाजूला कललं, तर तो ‘पिसा सिंड्रोम’. पिसाचा मनोरा आज जेमतेम चार अंशांनी कललेला आहे. निदानासाठी रुग्णाचा कल साधारण दहा अंशांहून जास्त धरतात.

१९७२ मध्ये स्वीडनच्या कार्ल एकबोम आणि सहकाऱ्यांनी हा प्रकार प्रथम नोंदवला, तो मनोविकारांवरची औषधं घेणाऱ्या रुग्णांत. म्हणूनच अनुभवी न्यूरॉलॉजिस्ट आधी औषधांची यादी मागतो. मनोविकारांवरचं हॅलोपेरिडॉल, स्मृतिभ्रंशावरचं डोनेपेझिल, इतकंच काय, कंपवातावरचंच प्रॅमिपेक्सोलसुद्धा संशयित ठरू शकतं. नवी गोळी सुरू झाल्यावर कल आला असेल, तर ती कमी किंवा बंद केल्यावर अनेकदा तो ओसरतो. दुर्लक्ष झालं, तर मात्र तो कायमचा बसू शकतो. अर्थात, गोळ्या परस्पर बंद करणं घातकच. कंपवातावरचं लेव्होडोपा एकदम तोडल्यास तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं.

लेव्होडोपाने हालचालींतला मंदपणा आणि ताठरपणा कमी होतो. वाकणं सहसा फारसं हटत नाही. डोसचा असर उतरताना वाक वाढत असेल, तरच वेळा आणि मात्रा बदलून पाहण्यात अर्थ.

पुढचा मार्ग इंजेक्शनचा. जपानी डॉक्टरांनी वाक नेमका कुठून येतो ते पाहिलं. बरगड्यांखालून वाकणाऱ्यांच्या पोटाच्या तिरक्या स्नायूत त्यांनी लिडोकेन, म्हणजे भूल देण्याचं नेहमीचं औषध, टोचलं. सलग काही दिवस दिल्यावर काहींची पाठ सुधारली आणि परिणाम भूल उतरल्यानंतरही टिकला. स्नायू ढिले करणाऱ्या बोटुलिनम टॉक्सिनचे निकाल कॅम्प्टोकॉर्मियात संमिश्र आहेत, पिसा सिंड्रोममध्ये तुलनेने बरे. पाठीचे स्नायूच झिजले असतील, तर पोटाचे स्नायू ढिले करून पाठ उचलली जात नाही. त्यामुळे सुई टोचण्याआधी एमआरआय आणि ईएमजी (स्नायूंची विद्युत चाचणी) पाहिलेलं बरं.