तोंडी सांगणे आणि लेखी नेम

डिचोली तालुक्यातील शिरगावी वैशाख शुद्ध पंचमीला श्रीदेवी लईराईची जत्रा भरते. वेताची काठी घेतलेले धोंड उत्तररात्री होमकुंडातील निखाऱ्यांवरून जातात. समजा, त्या रात्री दीड वाजता एखाद्या दुकानदाराने संगणकावर पावती केली आणि तीवर तारीख आदल्या दिवसाची उमटली, तर दोष कोणाचा?

घड्याळाचा बहुधा नव्हे. लिनक्स सर्व्हर पुष्कळदा जागतिक वेळेवर चालतात. आपली वेळ साडेपाच तास पुढे; म्हणून पहाटे साडेपाचपर्यंत त्यांच्या लेखी आदलीच तारीख. पावतीच्या सेवेला ‘टीझेड’ या नावाने ‘एशिया/कोलकाता’ हे मूल्य कळविले की बहुधा काम भागते. अशा नाव-मूल्याच्या जोडीस ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल’ म्हणतात. युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीपासून ही सोय आहे.

चालक ‘एक्स्पोर्ट’ ही आज्ञा देऊन सेवा हाताने सुरू करतो. तारीख बरोबर येते. पुढे पावसात वीज जाते, सर्व्हर पुन्हा सुरू होतो आणि जुनी चूक परतते. कारण ती आज्ञा त्या बैठकीपुरतीच होती. एरवी सेवा सुरू करतो तो सिस्टिम-डी हा व्यवस्थापक, आणि तो तुमच्या खात्यातील ‘बॅशआरसी’ वाचीत नाही. व्रतस्थ धोंड घरच्या व्यवहारापासून अलिप्त राहतो. सेवाही घरचे काही बरोबर घेत नाही.

तेव्हा नेम तिच्याच वहीत लिहावा. प्रशासकाच्या अधिकाराने ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ म्हणून पुढे सेवेचे नाव द्यावे. चौकटी कंसात ‘सर्व्हिस’ हे शीर्षक, त्याखाली ‘एन्व्हायर्नमेंट’, बरोबरचे चिन्ह आणि ती जोडी लिहावी. ही पुरवणी वेगळी राहते. म्हणून सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली तरी ती पुसली जात नाही. मात्र चालू सेवेला नवे मूल्य कळत नाही. ती पुन्हा सुरू करावी.

पासवर्ड येथे लिहू नये. सर्व्हरवरील इतरांनाही तो ‘सिस्टिमसीटीएल शो’ने दिसू शकतो. त्यासाठी केवळ प्रशासकास वाचता येईल अशी वेगळी फाइल करून तिचा पत्ता ‘एन्व्हायर्नमेंटफाइल’पुढे द्यावा.

शेवटी सर्व्हर एकदा दिवसाउजेडी स्वतःच बंद करून पुन्हा सुरू करावा. तोंडी सांगितलेले त्या रात्रीपुरते टिकते. लिहून ठेवलेले पुढच्या जत्रेलाही उपयोगी पडते.