अडलेल्या बाळंतिणीची देवी

ग्रीक देवता म्हटल्या की झ्यूस, अथेना, फार तर अ‍ॅफ्रोडाइटी ही नावे आपल्याला आठवतात. आयलिथियाचे नाव सहसा कुणाला ठाऊक नसते. तिच्या पराक्रमाच्या कथा नाहीत की प्रेमप्रकरणे नाहीत. तिच्याकडे एकच खाते होते, बाळंतपणाचे. ती आली तर बाई सुटायची, नाही आली तर अडायची.

ही देवी फार जुनी आहे. क्रीट बेटावर क्नोसॉस येथे सापडलेल्या, सुमारे ३३०० ते ३४०० वर्षांपूर्वीच्या एका मातीच्या पाटीवर अम्निसॉस या गावी हिच्यासाठी दिलेल्या मधाच्या घड्याची नोंद आहे. कारकुनाने केलेला साधा हिशेब! अम्निसॉसजवळची तिची गुहा होमरलाही माहीत होती. गुहेत पाणी ठिबकून तयार झालेले चुनखडीचे खांब आहेत. त्यांतल्या एकाभोवती मुद्दाम भिंत घातलेली आहे.

तिच्या कथांमध्ये अडवणूकच जास्त आहे. लेटोच्या पोटात अपोलो होता. मत्सराने पेटलेल्या हेराने आयलिथियाला तिच्यापर्यंत पोहोचूच दिले नाही. लेटो डेलॉस बेटावर नऊ दिवस नऊ रात्री कळा देत राहिली. शेवटी बाकीच्या देवींनी मोठ्या सोन्याच्या हाराचे आमिष दाखवून आयलिथियाला आणवले. ती बेटावर उतरताच लेटोने ताडाच्या जातीच्या झाडाला मिठी मारली, गवतावर गुडघे टेकले आणि मूल बाहेर आले.

दुसरी कथा हेराक्लीसच्या जन्माची. रोमन कवी ओव्हिडने ती सांगितली आहे. देवी दाराबाहेर पायावर पाय टाकून, बोटांत बोटे घट्ट गुंतवून बसली आणि आत अल्कमिनी सात दिवस सात रात्री तळमळत राहिली. एका चतुर दासीच्या हे लक्षात आले. तिने बाहेर येऊन ‘मुलगा झाला!’ अशी थाप मारली. देवी दचकून उठली, बोटे सुटली आणि बाळ खरोखरच जन्मले.

या कथांना हसावेसे वाटेल, पण नऊ दिवसांच्या कळा ही कविकल्पना असली तरी त्यामागची भीती खरी होती. बाळाचे डोके आईच्या कटीरातून उतरत नसेल, बाळ आडवे असेल, तर शस्त्रक्रियेविना मार्ग नसे. गर्भाशय फाटणे, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, यांतून वाचलीच तर मूत्राशय आणि योनी यांच्यात पडलेले छिद्र आणि आयुष्यभराची लघवीची गळती. हे आजही संपलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये गर्भारपण व बाळंतपणातील कारणांनी जगभरात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया दगावल्या, म्हणजे रोज सातशेहून अधिक.

बाळंतीण अडण्याची कारणे पुष्कळ. त्यांतले एक मात्र त्या गुंतलेल्या बोटांची आठवण करून देते. बाई फार घाबरली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढते. ते गर्भाशयाचे स्नायू सैल करते, त्यामुळे कळा मंदावू शकतात. कळा वाढवणारे संप्रेरक म्हणजे ऑक्सिटोसिन. १९०६ मध्ये हेन्री डेल यांना पियुषिका ग्रंथीच्या अर्कात गर्भाशय आकुंचित करण्याचा गुण आढळला. १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी हे संप्रेरक प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. ऑक्सिटोसिन हे नावही ग्रीकच. अर्थ, शीघ्र प्रसूती.

अर्थात धीर दिल्याने आडवे बाळ सरळ होत नाही. तिथे सिझेरियनच हवे. पण २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीच्या वेळी बाईच्या पसंतीची सोबतीण जवळ असावी, असे स्पष्ट म्हटले आहे. तिला हव्या त्या स्थितीत, उभे राहून किंवा बसून कळा देऊ द्याव्यात, हेही त्यात आहे. लेटोने गुडघे टेकले होतेच की. आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयांतील ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही सोबतिणीला जागा आहे. प्रत्यक्षात किती प्रसूतिगृहांचे दार तिच्यासाठी उघडते, हे ज्या घरात नुकतेच बाळंतपण झाले आहे त्यांना विचारावे.

ग्रीसमधील एजियन गावात आयलिथियाची लाकडी मूर्ती होती. चेहरा, हात आणि पाय तेवढे संगमरवराचे. एक हात पुढे केलेला, दुसऱ्यात मशाल. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनियस मशालीची दोन कारणे देतो. एक, कळा आगीसारख्या असतात. दुसरे, ती बाळाला उजेडात आणते.

आणि ती थाप मारणारी दासी? तिला शिक्षा म्हणून मुंगसासारखा दिसणारा वीझल हा प्राणी करून टाकण्यात आले. पण थेब्जचे लोक तिला विसरले नाहीत. हेराक्लीसच्या उत्सवात तिथे पहिला बळी तिच्या नावाने दिला जाई.