वासराचा चीक व बाळाचें दूध

गाय व्याली म्हणजे वासरास पहिल्या तासाभरांत चीक पाजला पाहिजे, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. चिकाला मुकलेलें वासरूं हगवणीनें कसें खंगतें, हें पुष्कळांनीं आपल्या गोठ्यांत पाहिलेलें असतें. परंतु त्याच घरांत सून बाळंत झाली तर तिचें पहिलें पिंवळट, दाट दूध पिळून टाकून तान्ह्यास मध किंवा गुळाचें पाणी चाटविण्याची चाल कित्येक ठिकाणीं अद्यापि आहे. ही बाब बायकांची, असें समजून वाचकांनीं पान उलटूं नये. कारण कोणतें धान्य घरांत राहावयाचें व कोणतें बाजारांत जावयाचें, हें बहुधा आपण पुरुषच ठरवितों.

आपल्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील जामखेडचा दाखला या कामीं फार बोलका आहे. 1970 सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य तेथें कामास आलें, तेव्हां त्या भागांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं सुमारें 176 मुलें वर्षाचीं होण्यापूर्वींच दगावत. नांव हगवणीचें व खोकल्याचें होई. मुळाशीं असे ती अपुऱ्या अन्नानें आलेली अशक्तता. तेव्हां या डॉक्टरांनीं गांवोगांव शेतकरी मंडळें उभीं करण्यास चालना दिली. शेतकऱ्यांनीं जमिनीचे तुकडे व मेहनत दिली, आणि त्यांत पिकलेलें अन्न शिजवून मुलांस घालण्यांत आलें. पुढें गांवच्याच बायका, ज्यांतील बहुतेक निरक्षर होत्या, आरोग्यसेविका म्हणून तयार झाल्या व घरोघर जाऊन आयांस शिकवूं लागल्या. 1990 नंतरच्या दशकांत बालमृत्यूंचा तो आंकडा पंचविसाच्या आसपास व त्याहूनही खालीं आला. विहिरींच्या स्वच्छ पाण्याचा व लसींचाही त्यांत मोठा वाटा आहे, हें कबूल केलें पाहिजे. या कार्याबद्दल 1979 सालीं उभयतांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आतां प्रत्यक्ष आहाराकडे वळूं. जन्मल्यापासून तासाभराच्या आंत बाळ छातीशीं लावावें आणि सहा महिने पुरे होईपर्यंत आईच्या दुधावांचून कांहीं देऊं नये. पाणी नको, घुटी नको. मध तर वर्षभर वर्ज्यच, कारण त्यांत क्वचित् असे जंतू असतात कीं तान्ह्याचें आंतडें त्यांस तोंड देऊं शकत नाहीं. सहा महिन्यांनंतर मात्र नुसतें दूध पुरत नाहीं. येथें आपल्याकडील मोठी चूक म्हणजे वरणावरचें पाणी. पोट मुठीएवढें, आणि तें पाण्यानेंच भरलें तर पोषण कोठून व्हावें? डाळ घोटून दाटच द्यावी, त्यांत मऊ भात किंवा कुस्करलेली भाकरी व चमचाभर तेल अथवा तूप घालावें. प्रारंभीं दिवसांतून दोनतीन वेळां व नवव्या महिन्यापासून तीनचार वेळां भरवावें. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून दळली तर तिची पेज पातळ होते. म्हणून तेवढ्याच वाटींत अधिक पीठ मावतें. आपल्या आज्यांच्या सत्त्वाचें मर्म तें हेंच. शिवाय पालेभाजी व चालत असेल तेथें अंडें द्यावें. शेंगदाण्यांचें बारीक कूट उत्तम. मात्र बुरशी आलेले दाणे घरांत ठेवूंच नयेत, आणि अख्खा दाणा लहान मुलाच्या हातीं देऊं नये, तो श्वासनलिकेंत अडकतो.

एक गोष्ट आम्हांस फार खटकते. आपला जिल्हा दुधाचा म्हणून गाजलेला. पहांटे व सायंकाळीं बरण्या डेअरीस जातात, मापाची नोंद होते, आणि घरीं दोन वर्षांचें मूल चहांत बुडविलेलें बिस्किट खात बसतें. चहा तर अन्नांतील लोह अंगीं लागूं देत नाहीं. वर्ष पुरें झालेल्या मुलास आईच्या दुधाच्या जोडीला पेलाभर दूध मिळावें. वर्षाच्या आंत मात्र आईच्या दुधाऐवजीं गाईचें देऊं नये.

हिशेबच मांडावयाचा तर तुरीचा मांडावा. एका मुलास दिवसाला 30 ग्रॅम डाळ धरली, तर वर्षास सुमारें 11 किलो होते; भरडण्यांतील घट धरून पंधरासोळा किलो तूर. क्विंटलमागें हा सहावा भागही नव्हे. खळें झाल्यावर पोतीं शिवण्यापूर्वींच एवढें माप बाजूस काढून तें घरधनिणीच्या हवालीं करावें.