बाळ छातीला नीट लागलंय का?

मैत्रिणींनो, माण-खटाव असो की आटपाडी-जत, बाळंतिणीच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "हिला दूधच पुरत नाही." मग वरचं दूध सुरू होतं, बाळ अंगावर कमी पितं आणि आईचं दूध खरोखरच घटतं. कारण बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. म्हणून बाटली आणण्याआधी आपण बाळाचं तोंड बघूया.

आत्याबाईंनी किंवा आशाताईंनी पाजताना शेजारी बसावं. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं हवं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली. बोंडाभोवतीचा काळसर भाग वरच्या ओठाकडे जास्त दिसावा, खाली कमी. नुसतं बोंडच तोंडात असेल तर बाळ तासभर चोखूनही उपाशी राहतं आणि आईला भेगा पडतात. पहिलटकरणीला "सोसायचं असतं गं" असं आपण सांगतो, ते चुकतं. पाजताना दुखतच राहिलं, तर बहुतेक वेळा पकडच चुकलेली असते.

जरा कानही द्या. आधी पटापट चोखणं, मग सावकाश, खोल, मध्ये थांबत, गिळल्याचा आवाज येत. चकचक आवाज येतो, गाल आत जातात? मग पकड सैल आहे. (गालावरची खळी एरवी कौतुकाची, इथं नको!)

अशा वेळी बाळाला ओढून काढू नका. तोंडाच्या कोपऱ्यातून स्वच्छ करंगळी आत सरकवा, पकड आपोआप सुटते. बाळाचं पोट आईच्या पोटाला लावा, मान वळलेली नको, नाक बोंडासमोर आणा. जांभईसारखा मोठा आ केला की बाळालाच जवळ घ्या. आईनं वाकायचं नाही. पाजून झाल्यावर बोंड चेपलेलं दिसलं तर पुन्हा बसवून बघा.

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी घरी येतात. वजन झालं की लगेच जाऊ देऊ नका. "ताई, एकदा पाजताना बघा" म्हणा. पाचव्या दिवसानंतर बाळानं दिवस-रात्रीत निदान 6 वेळा लघवी करायला हवी. ती कमी झाली, बाळ सुस्त पडलं, किंवा आईची छाती लाल होऊन ताप आला, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा.