खिशातली खाण

नव्या मोबाईलची बातमी कशी येते बघा. कॅमेरा इतक्या मेगापिक्सेलचा, पडदा इतक्या इंचांचा, चार्जिंग इतक्या मिनिटांत, किंमत अमुक आणि दसरा-दिवाळीची सूट तमुक. जणू लग्नाच्या स्थळाची माहितीच! उंची, शिक्षण, पगार, सगळं असतं. मूळ गाव कुठलं आणि दहा वर्षांनी कसा वागेल, एवढंच कुणी सांगत नाही.

मला या बातम्या आवडतात. घरात कुणाला मोबाईल किंवा कॉम्प्युटर घ्यायचा असला की सल्ला माझ्याकडेच मागितला जातो. पण माझं माहेर बेळगावचं आणि सासर बालाघाटचं. त्यामुळे या बातम्या वाचताना माझं लक्ष पडद्यापेक्षा पडद्याच्या आत काय आहे तिकडेच जास्त जातं. का, ते सांगते.

बालाघाट म्हटलं की आपल्याकडच्या मंडळींना बीड-लातूरकडची डोंगररांग आठवते. हे बालाघाट ते नव्हे. हा मध्य प्रदेशातला जिल्हा, गोंदिया आणि भंडाऱ्याला लागून, वैनगंगेच्या काठचा. इथेही सीमाभागच आहे. पूर्वी नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती, तेव्हा हा जिल्हाही त्याच कारभारात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं तेही त्याच दिवशी. तेव्हा घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी, हा अनुभव इथल्या मराठी माणसाला नवा नाही. फक्त तिथे कन्नड, इथे हिंदी. बाजारात पोवारी आणि गोंडीही कानावर पडते.

तर मुद्दा असा, की या जिल्ह्याच्या पोटात दोन वस्तू आहेत : मँगनीज आणि तांबं.

काळ्या पुडीची गोष्ट

आधी मँगनीज. बॅटरीचे सेल मेले की उन्हात ठेवायची पद्धत आपल्या घराघरांत होती. मराठी घर असो की कन्नड, रेडिओचे सेल कौलांवर किंवा खिडकीत वाळत घातलेले असायचेच. एखादा द्वाड मुलगा तो सेल दगडाने फोडायचा आणि हात काळे करून घ्यायचा. ती काळी पूड म्हणजे मुख्यतः मँगनीज डायऑक्साइड, सोबत कार्बनची भुकटी. बाहेरचं आवरण जस्ताचं, मधली कांडी कार्बनची. जस्त झिजत जातं आणि विजेचे कण सोडतं. ते बल्बमधून फिरून परत आले की त्यांना सामावून घ्यायचं काम ही काळी पूड करते. १८६६ मध्ये फ्रान्सच्या लेक्लांशे यांनी ही जोडी जमवली. आजही भिंतीवरच्या घड्याळातला आणि टीव्हीच्या रिमोटमधला साधा सेल त्याच वंशातला आहे.

बालाघाट शहराजवळच भरवेलीची खाण आहे. आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून तिचं नाव घेतात. उकवा आणि तिरोडी या खाणीही याच जिल्ह्यात. त्या सगळ्या मॉइल या सरकारी कंपनीच्या, जिचं मुख्यालय नागपूरला आहे आणि जिचं मूळ १८९६ सालच्या एका इंग्रजी कंपनीत आहे. इथलं मँगनीज बहुतेक पोलादाच्या भट्ट्यांकडे जातं. सेलला लागणारी डायऑक्साइडची जात शेजारच्या भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्ग खाणीत मिळते. राज्यं दोन झाली तरी जमिनीखालचा पट्टा एकच आहे, त्याला कुणी रेघ मारलेली नाही.

आणि हे काही आपल्या भागाला परकं नाही. बळ्ळारीजवळचं संडूर आठवा. संस्थान मराठी घोरपड्यांचं, मुलूख कन्नड, आणि डोंगरात मँगनीज. सीमाभागाचा खरा नकाशा कधी कधी असा जमिनीखाली सापडतो.

मोबाईलमध्ये मात्र हा सेल चालत नाही. तिथे लिथियम-आयन बॅटरी लागते. ती सोनी कंपनीने १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणली आणि तिच्या शोधाबद्दल तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मोबाईलच्या बॅटरीत मुख्यतः कोबाल्ट असतं आणि जगातलं निम्म्याहून जास्त कोबाल्ट आफ्रिकेतल्या काँगोमधून येतं. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या काही बॅटऱ्यांत मात्र निकेल आणि कोबाल्टच्या जोडीला मँगनीज पुन्हा हजर असतं. जुनं सामान नव्या दाराने परत आलं म्हणायचं!

दीड किलो दगड

आता तांबं. कान्हाचे वाघ बघायला लोक लांबून येतात. त्याच बाजूला, बैहरच्या पुढे, मलाजखंड आहे. हिंदुस्तान कॉपर या सरकारी कंपनीची तांब्याची मोठी खाण १९८२ पासून तिथे चालू आहे. आधी उघडी खाण होती, डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी खाली कोरत नेलेला. आता जमिनीखालून काम करण्याकडे वळण घेतलं आहे. माझ्या निपाणीच्या भाच्याला मी ती दाखवायचं म्हटलं, तर तो म्हणाला, ‘‘आत्या, वाघ बघायला आलोय मी. दगड काय आमच्याकडे नाहीत?’’

त्याला मी हिशेब सांगितला. मलाजखंडच्या दगडात तांबं असतं साधारण एक टक्का. म्हणजे शंभर किलो दगड फोडून दळला की किलोभर तांबं. मोबाईलमध्ये तांबं किती? साधारण पंधरा ग्रॅम. म्हणजे त्याच्या हातातल्या मोबाईलसाठी कुठे ना कुठे दीड किलो दगड फुटलेला आहे, आणि तोही फक्त तांब्यासाठी. वर जी माती बाजूला सारावी लागते, जी वीज आणि जे पाणी लागतं, ते वेगळंच. भाच्याने मोबाईल हातात तोलून पाहिला आणि खिशात ठेवला. खाण बघायला काही आला नाही, पण दर वर्षी मोबाईल बदलायचं बोलणं त्याने थोडं कमी केलं आहे, असं वहिनी म्हणते.

दोन गुजरी

कोल्हापुरात गुजरी म्हटलं की सराफ कट्टा, सोन्याचा बाजार. कन्नडमध्ये गुजरी म्हणजे भंगार. दोन्ही भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्या घरांत यावरून विनोद होत असतात. मोबाईलच्या बाबतीत मात्र दोन्ही अर्थ एकदमच खरे आहेत.

मोबाईलच्या आतल्या हिरव्या पट्टीवर सोन्याचा बारीक मुलामा असतो, कारण सोनं गंजत नाही आणि वीज नीट वाहून नेतं. एका मोबाईलमध्ये सोनं साधारण तीस मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या मापात पाव गुंज. काहीच नाही म्हणा ना. पण असे पाच-सहा हजार मोबाईल मिळून एक टन होतो आणि त्यातून दीडशे ग्रॅमच्या आसपास सोनं निघू शकतं. रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीच्या खाणीत एक टन दगडातून मिळतं ते काही ग्रॅम. कोलारची खाण तर न परवडल्याने २८ फेब्रुवारी २००१ ला बंदच झाली. म्हणजे सोन्याची खरी श्रीमंत खाण आता आपल्या कपाटाच्या खणात पडलेली आहे, बंद पडलेल्या मोबाईलच्या रूपाने.

ती खाण खणायची कशी, हा मात्र गंभीर प्रश्न आहे. रस्त्यावरच्या भंगारात वायरी गेल्या की तांब्यासाठी त्यांचं प्लास्टिक जाळतात. तो काळा धूर विषारी असतो. हिरव्या पट्ट्या तेजाबात बुडवून सोनं काढतात आणि उरलेलं पाणी नाल्यात जातं. जुन्या सांध्यांतलं शिसं मातीत उतरतं. हे काम करणारे हात गरिबाचे असतात, पुष्कळदा कोवळे असतात. मोबाईल आपण वापरायचा आणि त्याचा धूर दुसऱ्याच्या पोराने घ्यायचा, हे काही मनाला पटत नाही.

याला दुसरी वाट आहे. बंगळूरजवळ डाबसपेटला ई-परिसरा हा कारखाना २००५ मध्ये सुरू झाला. इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातून धातू काढणारा देशातला पहिला अधिकृत कारखाना म्हणून तो ओळखला जातो. ‘परिसर’ हा शब्द दोन्ही भाषांत आहे. मराठीत तो आजूबाजूच्या जागेपुरता वापरतात, कन्नडमध्ये त्याचा अर्थ पर्यावरण. या कामाला कन्नड अर्थ जास्त शोभतो. कायदाही झाला आहे. ई-कचऱ्याचे पहिले नियम मे २०१२ पासून लागू झाले, नवे एप्रिल २०२३ पासून. वस्तू बनवणाऱ्या कंपनीनेच जुन्या वस्तूची विल्हेवाट लावायची जबाबदारी घ्यायची, हा त्यांचा गाभा आहे.

बातमी वाचायची रीत

आता सल्ल्याकडे येते. २००३ सालचा नोकिया ११०० आठवतो? टॉर्चवाला. जगभर पंचवीस कोटींच्या आसपास विकला गेला. त्याचं मागचं झाकण नखाने उघडायचं, बॅटरी दमली की नवी घालायची, आणि मोबाईल पुन्हा तरुण. आताच्या मोबाईलचं झाकण डिंकाने चिकटवलेलं असतं. बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते, आणि बाकी सगळं धडधाकट असताना लोक मोबाईलच बदलतात. चप्पलचा अंगठा तुटला म्हणून कुणी पाय बदलत नाही!

कंपन्या म्हणतात, पाणी आत जाऊ नये म्हणून असं करावं लागतं. त्यात तथ्य आहे, पण ती पूर्ण गोष्ट नाही. युरोपने चार्जरचा कायदा केला, तेव्हाही अशीच कुरकुर झाली होती. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे नव्या मोबाईलला एकाच प्रकारची, सी जातीची पिन सक्तीची झाली. ॲपलने तर २०२३ मध्येच मुकाट्याने ती स्वीकारली. त्याच युरोपने काही अपवाद ठेवून घरच्या घरी बदलता येईल अशी बॅटरी सक्तीची करायला १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरवली. आपल्या ग्राहक खात्यानेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. कायदा झाला की झाकण उघडतं, असा माझा विश्वास आहे.

कॉम्प्युटरचंही तेच. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. सुरक्षेच्या दुरुस्त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत ठेवली, एवढंच. विंडोज ११ ला एक ठरावीक सुरक्षा चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालते कॉम्प्युटर एका तारखेने म्हातारे ठरले. मला विचाराल तर असा कॉम्प्युटर भंगारात घालू नका. त्यावर उबुंटूसारखं मोफत लिनक्स घाला. पत्र लिहिणं, हिशेब, इंटरनेट, मुलांचा अभ्यास, सगळं होतं. मराठी आणि कन्नड दोन्ही अक्षरं त्यावर नीट दिसतात आणि लिहिताही येतात. शिकायला आठवडा लागतो, कुरकुर महिनाभर चालते, मग सवय होते.

तेव्हा पुढची बातमी वाचाल तेव्हा मेगापिक्सेल जरा बाजूला ठेवा आणि दुकानदाराला तीन प्रश्न विचारा. बॅटरी बदलून मिळेल का, आणि किती रुपयांत? सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षं मिळणार? बिघडला तर आपल्याच गावात दुरुस्त होईल का? तिन्ही उत्तरं नीट मिळाली तर कमी मेगापिक्सेलचा मोबाईलही महाग पडत नाही.

आणि कपाटातल्या खणाकडे एकदा बघा. जुना मोबाईल चालत असेल तर घरातल्या कुणाला वापरायला द्या. चालत नसेल तर आतले फोटो काढून घ्या, माहिती पुसा आणि कंपनीच्या संकलन केंद्रात किंवा अधिकृत पुनर्वापर केंद्रात द्या. बॅटरी फुगली असेल तर तिला टोचू नका, दाबू नका, ती पेट घेते. तशीच वेगळी ठेवा आणि देताना सांगा. एकट्याने एका मोबाईलसाठी हेलपाटा घालायला जिवावर येतं, हे खरं. म्हणून महिला मंडळांनी, गणेश मंडळांनी वर्षातून एकदा डबा फिरवावा. गल्लीतल्या शंभर घरांतून दोनशे मोबाईल सहज निघतील. म्हणजे तीन किलो तांबं, तीनशे किलो दगडाचं.

तेवढा दगड मलाजखंडला फोडायचा वाचला, तर इथल्या जंगलालाही बरं आणि गल्लीतल्या पोरांच्या फुप्फुसांनाही बरं.